‘पोळी’ म्हटल्यावर उठलेला कुत्रा, आणि शेल्टरमधून थोडं सांगायचंय

विश्वामित्रीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज वेगळ्या कामासाठी लिहितेय. २०१९ च्या पुरानंतर मी बडोद्यात, वाघोडिया रोडच्या पलीकडच्या एका छोट्या शेल्टरमध्ये शनिवार-रविवारी जायला लागले, ती अजून जातेय. पिंजरे धुणं, गोचीड काढणं, औषधं पाजणं आणि दत्तक घ्यायला येणाऱ्यांशी बोलणं, ही माझी कामं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या गेटला एक लॅब्रेडोर बांधलेला सापडला. तोंड पांढरं झालेलं, मागचे पाय जरा अधू. गळ्यात चांगला पट्टा, शेजारी स्टीलचं पातेलं आणि नीट घडी घातलेली गोधडी. जुन्या नऊवारीची, हाताने टाके घातलेली. चिठ्ठी नाही, फोन नंबर नाही.

आमचे गेटवरचे काका त्याच्याशी गुजरातीत बोलत होते. ‘आव, आव. बेस.’ तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ‘रोटली’ म्हणून पाहिलं, कानसुद्धा हलला नाही. मी पोचले आणि सवयीने म्हणाले, ‘काय रे, पोळी हवी का?’ तर गडी पाय थरथरत असताना उठला, दोन पावलं पुढे आला आणि माझ्या रिकाम्या हाताकडे बघत उभा राहिला.

म्हणून इथे विचारतेय. बडोद्यातल्या कुठल्या मराठी घरातला हा असेल, कुणाला काही कल्पना आहे का? कुणाला दोष द्यायचा नाही, परत घ्या असंही म्हणणार नाही. फक्त त्याचं नाव, वय आणि काही औषध चालू होतं का, एवढं कळलं तर त्याचे पुढचे दिवस बरे जातील.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. शेल्टरमध्ये काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना प्राणी पाळणाऱ्यांशी खूप बोलायचं असतं, पण बोलणं होतं ते सोडून जाण्याच्या क्षणी. तेव्हा कुणीच ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. तर इथे बोलूया. तुमचे अनुभव लिहा, आमच्याबद्दल तक्रार असेल तर तीही लिहा.

शेवउसळवाला

‘पोळी’पाशी डोळ्यात पाणी आलं ताई. फोटो असेल तर द्या, आमच्या दांडियाबाजारच्या गटात टाकतो. तिथे ४०० मराठी घरं आहेत.

विश्वामित्रीकाठची

@शेवउसळवाला, पाठवते. एकच विनंती, खाली ‘कोण हे निर्दयी लोक’ वगैरे लिहू नका. ज्याने बांधलं त्याने वाचलं तर तो गप्प बसेल, आणि मला त्याचं बोलणं हवंय.

पुण्यातली_बडोदेकर

माफ करा, पण मला राग आवरत नाही. दहा वर्षं सांभाळलेल्या जिवाला रात्रीत गेटला बांधून जायचं? घरात दत्ताची तसबीर असते, पायाशी चार कुत्री असलेली, तिला रोज हार घालायचा आणि इकडे हे. अशांना आत टाकायला हवं.

वकीलकाका_रावपुरा

आत टाकण्याविषयी: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. चुकून लिहिलेलं नाही, पन्नास रुपयेच. आखूड साखळीला कायम बांधून ठेवणं याच कलमात येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. पोलिसांच्या धाकाने हे थांबेल अशी आशा धरू नका.

विश्वामित्रीकाठची

@पुण्यातली_बडोदेकर, ताई, पहिली दोन वर्षं माझीही अशीच चिडचिड व्हायची. मग लक्षात आलं, आपल्या रागाला घाबरून लोक खोटं बोलतात आणि त्या खोट्याची किंमत प्राणी मोजतो.

घरचा कुत्रा आणतात आणि म्हणतात, ‘रस्त्यावर सापडला.’ मग त्याच्या लसी झाल्यात का, विचारता येत नाही. ‘कधीच चावत नाही’ सांगून ठेवलेला एक पॉमेरेनियन आम्ही लहान मुलं असलेल्या घरी दिला. जेवताना ताटलीजवळ कुणी गेलं की तो चावायचा, आणि आधीच्या घराला ते ठाऊक होतं. पाच वर्षांच्या मुलीच्या हाताला टाके पडले, कुत्रा आठवड्यात परत. खरं सांगितलं असतं तर आम्ही दोघंच राहणारं एखादं वयस्क जोडपं शोधलं असतं, जेवणाची जागा वेगळी ठेवायला शिकवलं असतं. तो आज कुणाच्या तरी पायाशी असता. तो अजून आमच्याकडेच आहे. आता कागदावर ‘चावतो’ असं लिहिलेलं असल्यामुळे त्याला कुणी विचारत नाही.

तुम्ही का सोडताय हे आम्हाला आवडणार नाही कदाचित. तरी खरं सांगा. चावतो, घरात घाण करतो, फटाक्यांनी वेडा होतो, विजेचं बिल परवडत नाही, काहीही असो.

कमाटीबाग_सकाळी_सहा

विजेचं बिल म्हणजे हस्की असणार :)

आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींत दोन हस्की होते. मेमध्ये ४३-४४ अंशांत त्यांना एसीशिवाय ठेवता येत नाही. एक आता दिसत नाही. विचारलं तर ‘फार्महाऊसवर दिला’ म्हणाले.

विश्वामित्रीकाठची

‘फार्महाऊसवर दिला’ आम्ही बऱ्याचदा ऐकतो. तिथून पुढे तो कुठे जातो ते आम्हाला कळतं, कारण सहा महिन्यांनी आमच्याकडेच येतो. अंगभर केसांच्या गाठी आणि गोचीड घेऊन.

अनामिका_सामा

माझी बाजूही ऐका. मी कुत्रा परत केलेली बाई आहे.

२०२१ मध्ये एका संस्थेकडून (तुमची नव्हे) दीड वर्षाची देशी कुत्री आणली. फोटोत हसरी होती. घरी आली ती पलंगाखाली शिरली. तीन दिवस बाहेर नाही. रात्री सगळे झोपले की जेवायची, दिवाणखान्यात शू करायची. सासूबाईंनी तोंड फिरवलं, नवरा म्हणाला हिला वेड लागलंय. संस्थेला फोन केला तर ‘होईल हो ठीक’ म्हणाले. सहाव्या दिवशी परत नेऊन दिली. गाडीतून उतरताना ती माझ्या ओढणीत पाय अडकवून बसली होती. मी अजून त्या रस्त्याने जात नाही.

मला कुणी आधी सांगितलं असतं की असं होतं, तर मी थांबले असते.

विश्वामित्रीकाठची

@अनामिका_सामा, ही चूक आमच्या बाजूची आहे. तुमच्या फोनला नीट उत्तर मिळायला हवं होतं.

आमच्यात तीन-तीन-तीनचा अंदाज सांगतात. पहिले तीन दिवस प्राणी नुसता भेदरलेला असतो: खात नाही, लपतो, नको तिथे शू करतो. तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं आणि तेव्हाच खरे स्वभाव बाहेर येतात, म्हणजे चपला चावणं, बेल वाजली की भुंकणं. हे आपलं घर आहे, हे कळायला तीन महिने लागतात. काहींना जास्त. पलंगाखाली शिरली म्हणजे तिने एक सुरक्षित जागा शोधली होती. तिथेच पाणी ठेवायचं, शेजारी जमिनीवर बसून आपलं वाचत बसायचं, ओढून बाहेर काढायचं नाही. पाहुणे बोलावून ‘बघा आमची नवीन मुलगी’ करायचं नाही. पहिल्या दिवशी आंघोळ तर मुळीच नाही. बडोद्यात नवीन कुत्रा आला की आधी त्याला धुवून काढायची घाई असते सगळ्यांना.

आणि ती ओढणीत पाय अडकवून बसली, म्हणजे सहा दिवसांत तिने तुम्हाला धरलं होतं. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. पुढच्या वेळी तुम्ही नक्की निभावाल असं मला वाटतं, म्हणून लिहितेय.

अनामिका_सामा

वाचलं. लगेच काही लिहवत नाही. धन्यवाद.

निवृत्त_मास्तर

सगळं भावनेने चाललं आहे म्हणून थोडं वेगळं लिहितो. माझ्या नातीला गेल्या वर्षी कारेलीबागेत शाळेतून येताना भटक्या कुत्र्याने चावा घेतला. पाच इंजेक्शनं. अजून ती कुत्रा दिसला की रस्ता ओलांडते. जे खाऊ घालतात ते जबाबदारी घेत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये ठरलेल्या जागीच खाऊ घाला असं सांगितलं आहे. तुम्ही लोक माणसांच्या मुलांचा विचार करता का?

पशुवैद्य_आणंदची

@निवृत्त_मास्तर, सर, नातीची इंजेक्शनं पूर्ण केलीत हे फार चांगलं झालं. बरेच लोक दोन-तीन घेऊन थांबतात. इतरांसाठी: चावा किंवा ओरखडा, घरच्या कुत्र्याचा असला तरी, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. मग लगेच डॉक्टर, आणि दिलेली एकही तारीख चुकवायची नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस करून त्यांना सहसा त्याच भागात परत सोडायचं असतं. कानाला कापलेली खूण दिसते ती त्याचीच. ज्या गल्लीत सगळ्यांच्या कानाला खूण आहे तिथे नवी पिल्लं होत नाहीत, मादीमागे झुंडी फिरत नाहीत आणि भांडणं कमी होतात. तेव्हा खाऊ घालणाऱ्याने वाटी ठेवून निघून जायचं नाही, त्या कुत्र्याला नसबंदीपर्यंत पोचवायचं. यात मी तुमच्याच बाजूची आहे सर.

निवृत्त_मास्तर

हे पटलं. कानाची खूण मला ठाऊक नव्हती. कुणीतरी कापलं असेल, वाईट वाटायचं.

विश्वामित्रीकाठची

सर, आमच्याकडे येणाऱ्या पिल्लांतली कितीतरी घरच्या कुत्र्यांची असतात. ‘एकदा तरी आई होऊ दे तिला’ म्हणतात. ६३ दिवसांत सात पिल्लं. दोन ओळखीत जातात, उरलेली पाच खोक्यात घालून आमच्याकडे. ऑपरेशन न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होतो. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी खूप पाणी पिते, मलूल होते, लोक ‘उन्हाळा आहे’ म्हणतात आणि आणतात तेव्हा रात्री दोनला ऑपरेशन करायची वेळ येते. त्यात वाचतातच असं नाही.

मधली_आळी

मांजरीचा प्रश्न आहे. आम्ही कोकणस्थ, घरात अंडंसुद्धा नाही. मुलीला मांजर हवंय. दूध-भात, दही-पोळीवर मांजर राहील ना? आजोळी राहायची.

पशुवैद्य_आणंदची

आजोळची मांजर दूध-भात खायची आणि उरलेलं उंदरांवर भागवायची. फ्लॅटमधल्या मांजरीला उंदीर मिळत नाहीत. मांजर मांसाहारीच प्राणी आहे. तिला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य मांस-मासळीतूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. मोठ्या मांजरांना दूध सहसा पचतही नाही. तयार कोरडं किंवा ओलं कॅटफूड घरात चालणार असेल तर बिनधास्त आणा. तेही नको असेल तर मांजर आणू नका, असं मी मनापासून सांगेन. आणि तिला ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळी जीव घेते.

मधली_आळी

कॅटफूडचं सासऱ्यांना विचारते. त्यांचा नकार आला तर नाही आणणार. स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत.

शेवउसळवाला

लग्नाचा हंगाम येतोय. आमच्या हॉलवर जेवण उरतं, ते शेल्टरला पाठवलं तर?

विश्वामित्रीकाठची

मनापासून धन्यवाद, पण नको. श्रीखंड, बासुंदी, कांदा घातलेली भाजी, तेलकट पुऱ्या, सगळ्याने जुलाब लागतात. कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्ताला घातक. मागे एकदा कुणीतरी प्रेमाने ड्रायफ्रूट शिऱ्याचं पातेलं आणलं, मनुकांसकट. मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांवर जातात. द्यायचंच असेल तर तांदूळ, जुनी वर्तमानपत्रं, जुन्या चादरी, फिनेलपेक्षा ब्लीच, आणि एका सकाळचे दोन तास. चादरी तर कितीही चालतात.

पूर_पाहिलेली

२०२४ च्या ऑगस्टमधल्या पुराचं लिहायचं राहून गेलं होतं, इथे लिहिते. आम्ही मुजमहुड्याजवळ. गोकुळाष्टमीच्या सुमारास पाणी चढायला लागलं, रात्रीत तळमजला गेला. आम्ही कुत्रा, गॅसची बाटली आणि देव घेऊन धाब्यावर, म्हणजे गच्चीवर. शेजारचे दुपारीच नातेवाइकांकडे गेले होते, त्यांची कुत्री पोर्चमध्ये साखळीला. रात्री तिचं ओरडणं बदललं. आधी भुंकत होती, मग नुसता बारीक आवाज. माझा भाऊ दोरी बांधून छातीएवढ्या पाण्यातून गेला. ती मोटारीच्या टपावर चढून बसली होती, साखळी पाण्याखाली ताणलेली. हूक उघडेना. त्याने तिच्या मानेतून पट्टाच ओढून काढला. भावाच्या खांद्यावर ती लहान मुलासारखी चिकटून आली.

शेजारी वाईट नाहीत. त्यांना वाटलं, दोन तासांत येऊ. एवढंच सांगायचंय, पावसाळ्यात बाहेर जाताना प्राणी बांधून ठेवू नका. बरोबर न्या, नाहीतर निदान मोकळा सोडा.

पशुवैद्य_आणंदची

आणि पुराच्या पाण्यातून आलेल्या कुत्र्याला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) धोका असतो. दरवर्षीच्या लसीत लेप्टो आहे का, डॉक्टरांना विचारून घ्या. तो माणसालाही होतो.

शेवउसळवाला

त्या पुरात आमच्या मित्राच्या अंगणात मगर आली होती. ती दत्तक मिळते का ताई? :)

विश्वामित्रीकाठची

ती विश्वामित्री नदीची लेक, तिला वनखात्याने सासरी पोचवलं असेल :) पण खरंच, लोक आमच्याकडे काहीही आणतात. पिंजऱ्यातले पोपट आणतात. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, हे अजून घराघरांत माहीत नाही. लाल कानाची कासवं दुकानातून आणतात, बशीएवढी झाली की सुरसागरात सोडतात. ती बाहेरची जात आहे, इथल्या पाण्यात सोडणं म्हणजे इथल्या कासवांच्या पोटावर पाय. सोडू नका, विचारा.

जानेवारी जवळ आलाय म्हणून आत्ताच लिहून ठेवते. उत्तरायणात (संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत) दोरीने पंख कापलेलं कबुतर, बगळा, घार सापडली तर दोरी ओढून काढू नका, पंखाजवळ कापा आणि अडकलेली तशीच राहू द्या. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. १९६२ या नंबरवर फोन करा, करुणा ॲम्ब्युलन्स येते. १० ते २० जानेवारी सरकारचं करुणा अभियानही असतं. आणि पहाटे व संध्याकाळी पतंग थांबवा, पक्षी तेव्हाच जातात-येतात.

भाडेकरू_अलकापुरी

तक्रारही चालेल म्हणालात म्हणून. मी ३४ वर्षांचा, एकटा, नोकरी करतो. तीन ठिकाणी कुत्रा दत्तक मागितला, तिन्हीकडे नकार. ‘भाड्याचं घर’, ‘एकटे राहता’. घर बघायला येणार, पगार विचारणार, घरमालकाची चिठ्ठी मागणार. शेवटी दुकानातून १८ हजारांना बीगल आणला. त्याने काही विचारलं नाही. शेल्टर भरलेली आहेत म्हणता आणि घर देणाऱ्याला उभं करत नाही, हे कसं?

विश्वामित्रीकाठची

तुमची तक्रार खरी आहे. आम्हीही असे नकार दिले आहेत आणि काही चुकीचे दिले.

कारण सांगते, सबब म्हणून नाही. आमच्याकडे परत येणाऱ्यांची नेहमीची वाक्यं: ‘घर बदललं’, ‘मालक नाही म्हणाला’, ‘बदली झाली’, ‘बाळ झालं’. तीनदा परत आलेली एक कुत्री चौथ्यांदा कुणी आलं की उठतही नाही, पाठ करून झोपते. ती पाठ बघितली की आपण फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न घालतो. मग फॉर्म चार पानांचा होतो आणि तुमच्यासारखा चांगला माणूस निघून जातो. आता आम्ही भाडेकरूंना नकार देत नाही. मालकाशी एकदा फोनवर बोलतो, आणि ‘तुम्ही आजारी पडलात तर याला कोण बघेल’ या एका प्रश्नाचं उत्तर मागतो. उत्तर ‘माझी बहीण, तिचा हा नंबर’ असं आलं की काम झालं.

तुमचा बीगल कसा आहे?

भाडेकरू_अलकापुरी

दुसऱ्या आठवड्यात पार्व्हो झाला, पिल्लांना होतो तो उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार. सहा दिवस सलाईन. वाचला. दुकानदार म्हणाला होता लसी झाल्यात, कार्डावर शिक्का होता, डॉक्टरांची सही नव्हती. आता तीन वर्षांचा आहे, आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून घोरतोय.

वकीलकाका_रावपुरा

सोसायटीवाल्यांसाठी: ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. कुणी दबाव आणला म्हणून प्राणी सोडायला निघाला असाल तर आधी वकिलाला विचारा.

पशुवैद्य_आणंदची

पार्व्होचा विषय निघाला म्हणून. ‘निदान शेल्टरमध्ये खायला मिळेल’ या विचाराने लोक लस न झालेली पिल्लं गेटपाशी ठेवतात. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनेलने मरत नाही. लहान पिल्लासाठी गर्दीचं शेल्टर ही सगळ्यात धोक्याची जागा. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची झाल्यावर, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. आणि गल्लीत एकटी दिसलेली पिल्लं उचलूच नका. आई बहुतेक वेळा खायला शोधायला गेलेली असते. लांब उभं राहून चार तास बघा.

विश्वामित्रीकाठची

मंडळी, त्या लॅब्रेडोरचं. काल रात्री अडीचला त्याला मोठी फिट आली. काकांनी फोन केला, मी जाईपर्यंत दुसरी. काका घाबरून त्याची जीभ सरळ करायला गेले आणि बोटाला दात लागला. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन थांबवलं. आता झोपलाय. त्याच्या अंगाखाली तीच गोधडी आहे, दुसऱ्या कशावर ठेवला तर सरकून तिच्यावर येतो.

पशुवैद्य_आणंदची

काकांची लस सुरू केली ना? आणि सगळ्यांना, फिट आलेल्या प्राण्याच्या तोंडात हात घालू नका, जीभ गिळली जात नाही. आजूबाजूच्या वस्तू दूर करा, दिवा मंद करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली किंवा लागोपाठ आली तर लगेच डॉक्टर.

ताई, मला एक शंका आहे. इतक्या वयाच्या कुत्र्याला गेटवर आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक अशा फिट्स, म्हणजे चालू असलेली गोळी थांबली असावी. अपस्माराची गोळी एकदम बंद झाली की असं होतं. कोणती आणि किती, हे कळलं तर फार मोठं काम होईल. नाहीतर तपासण्या करून शून्यापासून ठरवावं लागेल आणि तोवर त्याचे हाल.

शेवउसळवाला

सगळ्या गटांत पुन्हा टाकतो. फक्त ‘गोळीचं नाव सांगा, बाकी काही विचारणार नाही’ असं लिहू ना?

विश्वामित्रीकाठची

हो, तेवढंच लिहा.

पुण्यातली_बडोदेकर

मी वर रागाने लिहिलं ते मागे घेते. माझी मावशी मांजलपूरला असते, तिच्या भजनी मंडळातही पाठवते.

विश्वामित्रीकाठची

व्यनि (व्यक्तिगत निरोप) आला.

कोण, कुठले, हे मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की ज्या आजी त्याला सांभाळत होत्या त्या दसऱ्याच्या आधी गेल्या. घर रिकामं करायचं होतं, मुलं लांबची, आणि ज्याच्यावर हे काम आलं त्याला काय करावं कळलं नाही. शेल्टरमध्ये विचारलं तर नाही म्हणतील, ओरडतील, असं वाटलं. गोळ्यांची अर्धी पट्टी त्याच पातेल्यात ठेवली होती म्हणे. आम्हाला मिळाली नाही, बहुधा पहाटे माकडांनी नाहीतर कुत्र्यांनी ओढली असेल. गोळीचं नाव आणि मात्रा डॉक्टरांना पाठवली. आजपासून सुरू.

वय साडेदहा. नाव गुंड्या.

गोळी सकाळी सात आणि संध्याकाळी सात. आजी ती पोळीच्या तुकड्यात, तुपाचं बोट लावून, गुंडाळून द्यायच्या.

शेवउसळवाला

म्हणून उठला तो.

विश्वामित्रीकाठची

हो. पिंजऱ्यापाशी बसून हळूच ‘गुंड्या’ म्हटलं. डोळे मिटलेलेच होते, पण शेपटी गोधडीवर दोनदा आपटली. मग सातला पोळीत गोळी दिली, बोट चाटून घेतलं त्याने.

अनामिका_सामा

ताई, रविवारी मी आले तर चालेल का? दत्तकाचं अजून नाही ठरवलेलं. नुसती त्याच्याजवळ बसेन. सातची गोळी मी देईन, पोळी घरून करून आणते. मऊ.

विश्वामित्रीकाठची

या ना. साडेसहाला गेटवर काका असतील, त्यांना ‘गुंड्याकडे आले’ म्हणा. तूप इथे आहे.